स्पीकर खरखरतोय, फाटका वाजतोय? भंगारात देण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते असं शोधा

हळद असो, वाढदिवस असो किंवा गणपती, मनमाडच्या गल्लीबोळांत घरातला स्पीकर उचलून दारात आणला जातो. आवाज वाढत जातो, पाहुणे नाचतात, रात्री सगळं आवरून स्पीकर पुन्हा घरात येतो. दुसऱ्या दिवशी गाणी लावली की लक्षात येतं, एका बाजूने आवाजच येत नाहीये. किंवा येतोय, पण फाटल्यासारखा.

मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, "स्पीकर उडाला, नवा घेऊ." दुसरा म्हणतो, "दुकानात टाकून ये, बघतील ते." या दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते. नेमकं बिघडलंय काय, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

हे पाहणं वाटतं तितकं अवघड नाही. पेन्सिल सेल, एक साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास एवढ्यावर घरबसल्या कळू शकतं की बिघाड वायरमध्ये आहे, ॲम्प्लिफायरमध्ये आहे की खुद्द स्पीकरमध्ये. दुरुस्ती स्वतः करा किंवा मेकॅनिककडून करून घ्या, पण निदान आधी झालं तर पैसे वाचतात. आणि कधीकधी नवा आणलेला स्पीकरही जळण्यापासून वाचतो. तो कसा, हे पुढे बघू.

स्पीकरच्या आत असतं तरी काय?

घराघरांत दिसणाऱ्या बहुतेक स्पीकरची मूळ रचना शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलच्या लाउडस्पीकरवर शोधनिबंध मांडला. आजचा स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो.

मागच्या बाजूला एक जड मॅग्नेट असतो. त्याच्या मधोमध एक अरुंद गोल फट असते आणि त्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल अधांतरी असते. गाण्याचा विद्युतप्रवाह कॉइलमधून गेला की ती मॅग्नेटमुळे पुढे-मागे ढकलली जाते. कॉइलला चिकटलेला कोन, ज्याला दुकानात सरळ 'कागद' किंवा 'पेपर' म्हणतात, तोही हलतो. तो हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

कॉइल फटीच्या भिंतींना घासू नये म्हणून दोन भाग तिला मध्यभागी धरून ठेवतात. मागे असतो तो नालीदार कापडाचा 'स्पायडर', आणि कोनच्या बाहेरच्या कडेला असते ती फोमची, रबराची किंवा कापडाची लवचिक रिंग, म्हणजे 'सराउंड'.

मोठ्या स्पीकरच्या खोक्यात बहुधा दोन तरी ड्रायव्हर असतात. जाड आवाजासाठी वूफर आणि बारीक आवाजासाठी ट्विटर. कुणाकडे काय पाठवायचं हे ठरवणारी छोटी पाटी म्हणजे क्रॉसओव्हर. अगदी साध्या स्पीकरमध्ये तर क्रॉसओव्हरच्या नावाखाली ट्विटरला जोडलेला एकच कंडेन्सर असतो.

म्हणजे मोबाईल किंवा टीव्हीपासून कानापर्यंत एक साखळी आहे: केबल, ॲम्प्लिफायर, स्पीकरची वायर, क्रॉसओव्हर, कॉइल आणि कोन. यातली एक कडी तुटली तरी आपण म्हणतो, "स्पीकर गेला."

आवाजावरूनच अंदाज कसा बांधायचा?

खोकं उघडण्याआधी कान द्या. बिघाडाचा पहिला सुगावा आवाजातच मिळतो.

• एक बाजू पूर्ण शांत: वायर निसटलेली, ॲम्प्लिफायरची ती बाजू बंद किंवा कॉइल तुटलेली.

• आवाज येतो-जातो, थाप मारली की सुरू होतो: सैल जोडणी, किंवा कोनपर्यंत जाणारी वेणीसारखी लवचिक तार आतून तुटलेली.

• कमी आवाजातही खरखर, घासल्यासारखं: कॉइल फटीत घासतेय. एक तर ती जळून फुगली आहे किंवा मध्यापासून सरकली आहे.

• ढोलकी-बेसच्या ठोक्याला फडफड: कोन फाटलाय किंवा सराउंड सुटलंय. पण त्याआधी पुढची जाळी आणि खोक्याचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. पुष्कळदा फडफडत असते ती जाळीच.

• घोंगडीखालून बोलल्यासारखा आवाज, शब्द अस्पष्ट: ट्विटर बंद पडलाय.

• बेस अचानक गायब: एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे, किंवा सराउंडचा फोम झडलाय.

• गाणं बंद असतानाही भुणभुण: ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला कंडेन्सर किंवा अर्थिंगचा प्रश्न. सहसा यात स्पीकरचा दोष नसतो.

• व्हॉल्यूमची खुंटी फिरवतानाच खर्र खर्र: खुंटीच्या आत धूळ बसली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने ती साफ होते. यातही स्पीकर निर्दोष असतो.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. यातल्या अनेक तक्रारींत स्पीकरला काहीच झालेलं नसतं.

पहिली चाचणी: डावा उजवीकडे, उजवा डावीकडे

या चाचणीला एक पैसाही लागत नाही. ॲम्प्लिफायर बंद करा. मागच्या बाजूच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. मग आवाज कमी ठेवून गाणं सुरू करा.

समजा आधी डावा स्पीकर बंद होता. अदलाबदलीनंतरही तोच खोका बंद राहिला, तर बिघाड त्या खोक्यात किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. आता उजवा खोका बंद पडला आणि डावा वाजू लागला, तर स्पीकर ठणठणीत आहे. दुखणं ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी, म्हणजे मोबाईलकडून येणाऱ्या केबलमध्ये आहे.

खोक्यावर संशय गेला तर आणखी एक पायरी करा. दोन्ही खोके जागेवर ठेवून फक्त वायर बदला. उंदराने कुरतडलेली किंवा पलंगाच्या पायाखाली चेपलेली वायर इथे पकडली जाते.

ज्या स्पीकरला स्वतःचीच मेन्सची पिन आहे, म्हणजे होम थिएटरचा सबवूफर किंवा साउंडबार, त्याला ही चाचणी थेट लागू होत नाही. तिथे दुसरा मोबाईल, दुसरी केबल आणि दुसरा इनपुट लावून बघा. ब्लूटूथवर फाटका आवाज येतोय आणि केबलवर स्वच्छ येतोय, तर स्पीकर फाटलेला नाही.

दुसरी चाचणी: बोटं, सेल आणि मीटर

खोक्यातच बिघाड आहे हे पक्कं झालं की पुढची जाळी काढा. वॉरंटी चालू असेल तर मात्र इथेच थांबा, कारण खोकं उघडल्याचं कारण देऊन वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

बोटांची चाचणी. दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनवर समोरासमोर, सारख्या अंतरावर ठेवा आणि अगदी हलक्या हाताने कोन आत दाबा. तो गुपचूप आत जाऊन परत आला तर कॉइल मोकळी आहे. कागदावर नख घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासतेय. कोन हलतच नसेल तर ती फटीत अडकली आहे. ट्विटरवर ही चाचणी करू नका, त्याचा नाजूक डोम चेपतो.

सेलची चाचणी. खोक्याच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलवरून ॲम्प्लिफायरच्या वायरी काढा. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. त्याचं अधिक टोक लाल टर्मिनलला आणि उणे टोक काळ्याला वायरच्या तुकड्याने क्षणभर टेकवा. वूफरमधून 'खट्ट' असा आवाज आला आणि कोन बाहेर सरकला तर कॉइल जिवंत आहे. कोन आत गेला तर आतल्या वायरी उलट्या जोडलेल्या असण्याची शक्यता आहे. काहीच झालं नाही तर साखळी कुठेतरी तुटली आहे. ९ व्होल्टची बॅटरी किंवा मोबाईलचा चार्जर यासाठी वापरू नका.

मीटरची चाचणी. मल्टिमीटर ओहमच्या सर्वात खालच्या रेंजवर ठेवा. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. जो छोटा आकडा दिसेल तो मीटरच्या वायरींचा असतो, तो पुढच्या मोजणीतून वजा करायचा. मग ड्रायव्हरची निदान एक वायर सोडवून त्याच्या दोन टोकांवर मोजा.

स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असेल तर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दिसायला हवं. ४ ओहमच्या स्पीकरला ३ ते ३.७ च्या आसपास. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. छापलेला आकडा गाण्याच्या बदलत्या प्रवाहासाठीचा असतो, तर मीटर सरळ प्रवाहाने मोजतो.

मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे टोकं हवेत असताना जे दिसतं तेच दिसत असेल, तर कॉइल 'ओपन' आहे. आकडा शून्याच्या जवळ असेल तर ती 'शॉर्ट' आहे. शॉर्ट झालेला स्पीकर पुन्हा ॲम्प्लिफायरला लावू नका, तो ॲम्प्लिफायरही घेऊन जाईल.

इथे एक फसगत होऊ शकते. खोक्याच्या मागच्या टर्मिनलवर मोजलं तर फक्त वूफर मोजला जातो. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर असतो आणि तो सरळ प्रवाह अडवतो. म्हणून मागून मीटर बरोबर दाखवतोय, पण ट्विटर मात्र मेलेला आहे, असं होऊ शकतं. ट्विटर खोक्यातून काढून थेट त्याच्या टोकांवरच मोजावा लागतो. तो मीटरवर बरोबर निघाला आणि तरीही वाजत नसेल, तर संशय त्या कंडेन्सरवर घ्या. बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि निदान तितक्याच व्होल्टचा 'नॉन-पोलर' कंडेन्सर लावायचा. अधिक-उणे खूण असलेला साधा कंडेन्सर इथे चालत नाही.

मग नवा स्पीकर का जळतो?

कॉइल जळालेली निघाली तर बहुतेक जण लगेच नवा ड्रायव्हर आणून बसवतात. काही सेकंदांत तोही धूर सोडतो, आणि दोष जातो दुकानदाराच्या मालावर.

अशा वेळी गुन्हेगार ॲम्प्लिफायर असू शकतो. त्याच्या आउटपुटचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट झाला की स्पीकरकडे गाण्याऐवजी सरळ प्रवाह, म्हणजे डीसी जाऊ लागतो. कोन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच थांबतो आणि कॉइल शेगडीच्या तारेसारखी तापत राहते.

हे तपासायला एक मिनिट लागतं. स्पीकर काढून ठेवा, गाणं बंद ठेवा, ॲम्प्लिफायर सुरू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या बाजूच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. मीटरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आकडा शून्याच्या जवळ, काही मिलिव्होल्टमध्ये असायला हवा. तिथे एक, पाच, वीस व्होल्ट असं काही दिसलं तर आधी ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याशिवाय तिथे कुठलाही चांगला स्पीकर जोडायचा नाही.

लहान ॲम्प्लिफायर मोठा स्पीकर कसा जाळतो?

"शंभर वॉटचा स्पीकर पन्नास वॉटच्या ॲम्प्लिफायरवर जळेलच कसा?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घ्यायला दारातल्या त्या हळदीच्या कार्यक्रमाकडे जाऊ.

घरात स्पीकर भिंतीजवळ असतो. भिंती, जमीन आणि छत बेसला आधार देतात. तोच स्पीकर उघड्यावर आणला की हा आधार जातो. बेस पातळ वाटतो, लोकांच्या गलक्यात गाणं हरवतं. साहजिकच कुणीतरी व्हॉल्यूम वाढवतं, मग बेसची खुंटीही पूर्ण फिरवतं.

ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे आवाज देऊ शकत नाही. तो ध्वनिलहरीचे वरचे-खालचे शेंडे छाटून टाकतो. याला 'क्लिपिंग' म्हणतात. छाटलेली लहर चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोलाईदार लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण चेपला तर हिशेबाने १०० वॉटपर्यंत शक्ती ढकलू शकतो. त्यात छाटलेल्या कडांमुळे मूळ गाण्यात नसलेले बारीक, उंच पट्टीचे आवाज तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. ट्विटरची तार केसासारखी बारीक असते. जळण्यात त्याचा पहिला नंबर लागतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. घरगुती स्पीकरमध्ये जाणाऱ्या विजेपैकी साधारण १ टक्का किंवा त्याहूनही कमी वीज आवाजात बदलते. उरलेली सगळी कॉइल तापवते. एका गाण्यानंतर थोडी उसंत मिळाली तर कॉइल थंड होते. तीन तास सलग दणदणाट झाला तर तारेवरचं वार्निश वितळतं आणि कॉइलचे वेढे सैल होऊन फटीत घासू लागतात.

मनमाड स्टेशनवरची उद्घोषणा गाड्यांच्या खडखडाटातही कळते, मग घरचा स्पीकर का कमी पडतो? स्टेशनवर, मैदानावर वापरले जाणारे भोंगे मुळात वेगळे असतात. भोंग्याच्या आकारामुळे तेवढ्याच विजेत कितीतरी मोठा आवाज निघतो आणि तो एका दिशेने जातो. त्यात बेस नसतो, पण शब्द पोचतात. दिवाणखान्यासाठी बनवलेल्या स्पीकरकडून गल्ली भरून टाकण्याची अपेक्षा केली तर तो जळणारच.

खोक्यावर छापलेल्या हजारो वॉटच्या 'पीएमपीओ' आकड्यावरही जाऊ नका. तो जाहिरातीचा आकडा आहे. उपयोगाचा असतो तो 'आरएमएस' वॉटचा आकडा. आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटने फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. खुंटीच्या शेवटच्या टप्प्यात आवाज फारसा वाढत नाही, फक्त उष्णता वाढते.

न वाजवताच स्पीकर खराब होतो?

होतो. माळ्यावर दहा वर्षं गुंडाळून ठेवलेला जुना स्पीकर खाली काढला, कोनच्या कडेला बोट लावलं आणि रिंगचा भुगा हातात आला, असं अनेकांकडे होतं.

सराउंड फोमचं असेल तर ते पॉलियुरेथेनचं असतं. हवेतला ओलावा, ऑक्सिजन, उष्णता आणि ऊन यांनी हा फोम हळूहळू चिकट होतो, मग ठिसूळ होतो आणि झडतो. साधारण १० ते २० वर्षांत हे घडतं, स्पीकर वापरला किंवा नाही वापरला तरी. मनमाडसारख्या पर्जन्यछायेतल्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं, आणि पाठोपाठ पावसाळ्याचा ओलावा येतो. फोमला हे मानवत नाही. रबराची रिंग त्या मानाने बराच काळ टिकते.

धूळ हा दुसरा शत्रू. साधी धूळ कोनवर बसून राहते, पण लोखंडाचा कीस वेगळा. घराखाली किंवा शेजारी फॅब्रिकेशनचं दुकान असेल तर ग्राइंडरचा कीस मॅग्नेटकडे ओढला जातो आणि फटीत अडकून खरखर सुरू होते. म्हणूनच उघडलेला स्पीकर वर्कशॉपच्या टेबलावर ठेवू नये.

घरी काय दुरुस्त करता येतं?

कोनला छोटी चीर. कागदी कोन असेल तर चिरेपेक्षा थोडा मोठा टिश्यू पेपरचा तुकडा घ्या. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद पाण्याने थोडा पातळ करा आणि तुकडा पुढून-मागून चिकटवा. रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद टाळा, तो वाळून कडक होतो आणि कागद त्याच्या कडेला पुन्हा फाटतो. चिकटपट्टीही नको, ती सुटून फडफडते. प्लास्टिकच्या कोनवर पांढरा गोंद धरत नाही.

तुटलेली लवचिक तार. टर्मिनल आणि कोन यांच्यामधली वेणीसारखी तार टर्मिनलजवळ तुटली असेल तर तिथे पुन्हा डाग देता येतो. मात्र तार ताणली जाता कामा नये, कोन पूर्ण बाहेर आला तरी तिच्यात ढील राहिली पाहिजे. डाग तारेत लांबवर पसरू देऊ नका, पसरला तर ती कडक होऊन पुन्हा तुटते.

झडलेला फोम. यासाठी तयार रिंग मिळतात. फक्त 'आठ इंची' एवढं सांगून रिंग आणली तर ती बसेलच असं नाही. कोनचा व्यास, फ्रेमचा बाहेरचा व्यास आणि फुगीर भागाची रुंदी मोजून न्या.

जुना फोम आणि गोंद खरवडून पूर्ण काढा. नवी रिंग आधी कोनला चिकटवा, वाळली की फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असतानाच कोन मध्यभागी आणायचा असतो. खरं कसब इथे लागतं. बोटांनी हलकेच दाबून पाहायचं, कुठे घासलं तर रिंग जरा सरकवायची. मोबाईलच्या टोन जनरेटर ॲपवरून २०-३० हर्ट्झचा सूर अगदी कमी आवाजात लावला तर कोन संथ हलतो आणि घासणं लगेच ऐकू येतं. एक दिवस वाळू द्या. एका बाजूची रिंग झडली असेल तर दुसऱ्या बाजूचीही बदला, तिचं वय तेवढंच आहे.

चेपलेली मधली टोपी. वूफरच्या मधोमध असलेली टोपी लहान मुलांच्या बोटाने चेपली म्हणून सहसा आवाज बिघडत नाही. चिकटपट्टी हलकेच लावून ओढली तर ती बाहेर येते. नाही आली तरी बिघडत नाही.

कुठे हात लावू नये?

मेन्सवर चालणाऱ्या सबवूफर, साउंडबार किंवा ॲम्प्लिफायरच्या आत माहिती नसताना हात घालू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायमध्ये मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. पिन काढल्यानंतरही तो भार काही काळ टिकू शकतो. हा झटका जिवावर बेतू शकतो.

ब्लूटूथ स्पीकर फुगलेला दिसला, त्याचं झाकण आतून उचललं गेलं, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. आतली लिथियम बॅटरी फुगलेली असते. ती टोचणं, दाबणं, वाकवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मेकॅनिककडे जाताना काय विचारायचं?

कॉइल जळाली असेल तर ८, १० किंवा १२ इंची चांगल्या वूफरची कॉइल आणि कागद बदलून मिळतात. फ्रेम आणि मॅग्नेट तेच राहतात. लहान ड्रायव्हर आणि ट्विटर मात्र बदलणंच सोपं पडतं. बोलणी करताना हे प्रश्न विचारा:

• कॉइल जळाली, की फक्त वायर तुटली? मीटर लावून दाखवा.

• ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला डीसी येतोय का, ते तपासलं का?

• नव्या कॉइलचा व्यास, उंची आणि ओहम मूळ कॉइलएवढेच आहेत का?

• काढलेला जुना भाग परत मिळेल का?

शेवटचा प्रश्न अविश्वासाचा नाही. जुनी कॉइल काळवंडलेली आहे की नाही, यावरून ती कशाने गेली ते कळतं.

८ ओहमच्या जागी ४ ओहमचा ड्रायव्हर "चालतो की" म्हणून बसवून घेऊ नका. ॲम्प्लिफायरमधून जास्त प्रवाह ओढला जातो आणि तो तापतो. एकाच टर्मिनलला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला फक्त २ ओहम दिसतात. घरगुती ॲम्प्लिफायर सहसा त्यासाठी बनवलेला नसतो.

भाग मनमाडमध्ये मिळाला नाही तर नाशिकला चौकशी करता येते. त्यापुढचा पर्याय म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इलेक्ट्रॉनिक भागांचा हा जुना बाजार आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात असाच बाजार भरलेला असतो. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येणं मनमाडकरांना नवं नाही. फक्त निघण्याआधी ड्रायव्हरच्या मागचा मजकूर आणि मापं यांचे फोटो काढून ठेवा. शक्य असेल तर जुना ड्रायव्हरच सोबत न्या.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

एक व्यवहारी आडाखा असा: दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर थांबून विचार करा. लाकडी खोकं, जड मॅग्नेट असलेला जुना स्पीकर बहुतेकदा दुरुस्तीच्या लायकीचा असतो. पातळ प्लास्टिकचा, सगळे भाग एकाच पाटीवर चिकटवलेला स्वस्त स्पीकर अनेकदा नसतो.

कंपन्यांचे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांना मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्याच्या कक्षेत आहेत. पोर्टलवर तुमची कंपनी आहे का ते बघा. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि स्पीकर खरंच संपलाच असेल तर तो ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. अधिकृत संकलन केंद्रात तो द्या. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळल्या की त्याचा विषारी धूर गल्लीतल्यांच्याच छातीत जातो.

पुन्हा तेच होऊ नये म्हणून

आवाज फाटायला लागला की व्हॉल्यूम लगेच खाली घ्या, ही स्पीकरची शेवटची सूचना असते. उघड्यावरच्या कार्यक्रमाला त्यासाठी बनवलेला स्पीकर भाड्याने आणा, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे हे लक्षात ठेवा. वीज गेली की ॲम्प्लिफायरची पिन काढा, वीज येऊन स्थिरावल्यावर लावा. स्पीकर माळ्यावर ठेवायचाच असेल तर पत्र्यापासून दूर, कापडात गुंडाळून आणि बेसच्या भोकाला बारीक जाळी लावून ठेवा, म्हणजे उंदीर-झुरळं आत जाणार नाहीत.

आणि आज स्पीकर ठणठणीत असेल तरी एक काम करून ठेवा. प्रत्येक ड्रायव्हर मीटरने मोजा, तो आकडा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहा आणि ती खोक्याच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी आवाज बिघडला तर मीटरवर दिसणारा आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे घरात कुणालाही कळेल.